येते

ईमेलमधली खोटी वाक्यं अडवणारा गेटवे पुन्हा हँग झाला आणि अख्ख्या शहराचे मेल खोळंबले.

"रीस्टार्ट करून बघितलास?" पोंक्षेसरांच्या येरझाऱ्या थांबत नव्हत्या.

"बघितला सर. त्याच एका मेलवर अडतोय."

शर्वरीने तो मेल उघडला. मंगळावर कायमच्या निघालेल्या यानातून तिच्याच ताईने आईला लिहिलेला. शेवटची ओळ होती, ‘बरं आई, येते.’

निघताना ‘जाते’ म्हणू नये, हे गेटवेला कोणी शिकवलंच नव्हतं. परत न येणाऱ्या बाईचं ‘येते’ खरं धरावं की खोटं, एवढ्यावरच तो अडून बसला होता.

"काय ते एक ठरव आणि सोड पुढे," सर वैतागले.

शर्वरीने ‘खरं’वर बोट ठेवलं. गेटवे सुरू झाला आणि नोंदीसाठी त्याने तिलाच विचारलं, ‘केव्हा?’