शांत रक्त

"काका, काकूंच्या हृदयातला तो जादा आवाज गेला की!" डॉक्टर रेवती म्हणाली. "आता ऑपरेशन नको."

"चाळीस वर्षं हे काचेच्या नळीत रंग सोडून भोवरे बघत बसले," कुमुदिनीबाई हसल्या. "एकदाचं घरात उपयोगी पडलं."

त्यांचे पती सोनटक्के थकून स्टुलावर बसले. त्यांनी शोधलेल्या औषधाने रक्तातले भोवरे विरत आणि दमलेल्या हृदयाचं ओझं हलकं होई.

"रेवती, तो आवाज भोवऱ्यांचाच होता," ते म्हणाले. "झडप अजून गळतेच आहे, फक्त ऐकू येत नाही. ऑपरेशन करावंच लागेल. हे मला आधी सुचायला हवं होतं."

कुमुदिनीबाईंचं हसू मावळलं.

रेवती खुर्चीत टेकली. "काका, या महिन्यात मी हेच औषध देऊन अकरा जणांना बरे म्हणून घरी पाठवलंय."

सोनटक्क्यांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. "नावं सांग."