बिजलीची खूण

सकाळपासून दत्तू हवालदारांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. आज बरखेड्याच्या मैदानात बिजलीचा सत्कार होता. लष्करात जमिनीतले सुरुंग हुंगून शोधायला त्यांनीच तयार केलेली ही कुत्री आता निवृत्त झाली होती. "बघच तू, अंगावर झेपावते की नाही!" ते बायकोला दहाव्यांदा म्हणाले. बिजलीच्या बक्षिसाचा जुना रबरी चेंडू खिशात होताच. "अहो, पाच वर्षांनी ओळखेल का? आता दिसतही नाही म्हणे तिला." बिजली आली. रांगेतल्या माजी सैनिकांचे बूट एकेक करून हुंगत निघाली. दत्तूंपाशी थबकली. शेपटी हलवली नाही, भुंकली नाही; नुसती खाली बसली. "नाही हो ओळखलं," बायको हळहळली. दत्तूंनी चेंडू काढला. डोळे वाहत होते अन् हसू आवरत नव्हतं. "अगं, सापडलं की भुंकायचं नाही, जागीच बसायचं, हे तिला मीच शिकवलंय!"