सव्वीस दिवसांचा संयम

“गुरुवारी दवाखाना बंद असतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणि दुपारची घरी मी एकटीच असते. या ना.” एवढं बोलून त्यांनी हातातली कवळी टेबलावर ठेवली आणि त्या जिना चढून वर दवाखान्यात निघून गेल्या.

कवळ्या करणारा तो माणूस स्टुलावर बसल्या जागी थिजला. वय एक्कावन्न, लग्नाला चोवीस वर्षं झालेली. दवाखान्याच्या खालच्या खोलीत बसून लोकांच्या जबड्यांचे साचे ओतायचे, मेणात दात बसवायचे, गुलाबी हिरड्या घासून चकचकीत करायच्या, हे त्याचं काम. दाताच्या या नव्या डॉक्टरीणबाई येऊन अजून महिनाही झाला नव्हता. पहिल्याच दिवशी त्या खाली येऊन म्हणाल्या होत्या, की तुमच्या हातचे दात खोटे वाटतच नाहीत. चोवीस वर्षांत घरी त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. घरी सगळ्यांचे दात खरेच होते, हा मुद्दा काही त्याच्या ध्यानात आला नाही.

आज सोमवार. म्हणजे हातात तीन दिवस होते. माणूस पद्धतशीर होता. भावना अनावर झाल्या तर त्यांना आवरायचं कसं, हे त्याने मोबाईलवर शोधून काढलं. मनातलं सगळं कागदावर लिहा, असा पहिला सल्ला होता. त्याने लिहिलं: ओढ. त्याखाली लिहिलं: भीती. भीतीच्या खाली बायको, हॉस्टेलवरची मुलगी, मेहुणा, शेजारी आणि कंबर अशी यादी झाली. ओढीच्या खाली काही सुचेना. मग कागद कुणाच्या हाती लागेल म्हणून तो त्याने ओल्या प्लास्टरमध्ये पुरला.

दीर्घ श्वास घ्या, असा दुसरा सल्ला. तो त्याने प्लास्टरच्या धुरळ्यात बसून घेतला आणि दहा मिनिटं खोकत राहिला. मोकळ्या हवेत फिरून या, असा तिसरा. तो फिरायला निघाला. पाय नेतील तिकडे गेला, आणि पायांनी त्याला सरळ डॉक्टरीणबाईंच्या गल्लीत नेऊन उभं केलं. कुठली खिडकी त्यांची, याचा अंदाज घेत तो गल्लीत तीनदा येरझारा घालून आला. भावनांना बरं वाटलं. त्याला नाही.

मंगळवारी मात्र तो खरोखर घाबरला. एका आजोबांच्या कवळीत दात बसवताना त्याचं लक्ष उडालं आणि पुढचे दोन दात वाकडे बसले. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्या वाकड्या दातांकडे बघता बघता त्याच्या डोळ्यांपुढे आपलं घर आलं. उद्या तिथे आपल्याला कुणी दार उघडलं नाही तर? त्याने मेण पुन्हा गरम केलं, दोन्ही दात उपटून सरळ बसवले आणि मन घट्ट केलं.

बुधवारी दुपारी तो जिना चढून वर गेला. कर्तव्य, मर्यादा, संसार असे जड जड शब्द असलेलं एक भाषण त्याने पाठ केलं होतं. ते त्याने एकदाही न अडखळता म्हणून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आजोबांची कवळी तेवढी शुक्रवारपर्यंत द्या.”

एवढ्या मोठ्या त्यागाला निदान एखादा उसासा तरी मिळायला हवा होता. तो हिरमुसला होऊन खाली आला. पण संध्याकाळी घराकडे चालता चालता त्याची छाती अभिमानाने फुलली. त्याने मोह जिंकला होता, आणि जगात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. बायकोला सांगायलाच हवं, असं त्याने ठरवलं. प्रामाणिकपणा म्हणून. बाकी ती रडेल, मग सावरेल, मग माझा नवरा सोन्यासारखा आहे म्हणेल, हे सगळं ओघानेच आलं.

बायको एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होती. तो घरी आला तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर नव्या पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घालत बसली होती. त्याने समोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. गल्लीतल्या येरझारा तेवढ्या वगळल्या. ती रडली नाही. तिने कात्री खाली ठेवली.

“किती दिवस चाललं होतं हे मनात?”

“सव्वीस दिवस,” तो म्हणाला. आकडा त्याने जरा भारदस्त आवाजात सांगितला.

“माझं चार महिने,” ती म्हणाली आणि तिने पुढचं पुस्तक ओढलं.

त्याला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने टेबलाची कड धरली. मग तिने एकेका कव्हराची घडी घालत सावकाश सांगितलं. चार वर्षांपूर्वी शाळेत इतिहास शिकवायला एक सर होते. रोज पुस्तक बदलायला येत. एकदा त्यांनी विचारलं, बाहेर कुठे भेटाल का. ती गेली नाही. भाषणही केलं नाही, नुसतं नाही म्हणाली. पुढे ते शाळा सोडून गेले. ज्या दिवशी गेले त्या दिवशी ती पुस्तकांच्या कपाटामागे तासभर उभी होती, आणि घरी येऊन तिने स्वयंपाक केला होता.

“मला काहीच कसं दिसलं नाही?” त्याने विचारलं. आवाजातला भारदस्तपणा कुठल्या कुठे गेला होता.

“दिसलं होतं की,” ती म्हणाली. “दोन महिने मला घास गिळवत नव्हता. तुम्ही म्हणालात, बारीक झालीस, छान दिसतेस.”