पिराजीच्या भातात

सत्त्याहत्तर साली बैल विकल्यावर रिहे गावच्या कोंडीरामनं ठरवलं, की आजाच्या वेळचा गोठा पाडायचा आणि तिथं पत्र्याची शेड ठोकून कोंबड्या पाळायच्या.

"ऱ्हाऊ द्या की उभा. तुमचं काय खातोय?" बायको चांगुणा म्हणाली.

"जनावर न्हाई, तो गोठा कसला?" असं म्हणत कोंडीराम पहार घेऊन आत शिरला. वाटेत आलेल्या ऐनाच्या खांबाला त्यानं सवयीनं थाप मारली आणि बैलाला म्हणायचा तसं म्हणाला, "सरक!"

खांब सरकला.

वारा अगदी पडलेला होता. तरी माशी बसल्यावर बैलाचं अंग थरथरतं, तशी छपराची कौलं या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरली.

कोंडीरामच्या हातातली पहार गळून पडली. पण आपण घाबरलोय हे बायकोला दिसू नये, म्हणून बाहेर येऊन तो गोठ्यावरच खेकसला, "न्हाई पाडत, जा! चर जा कुटं चरायचं ते!"

सकाळी शेजारच्या पिराजीच्या बोंबेनं आळी जागी झाली.

"कोंड्या, बांधून ठेवाया येत न्हाई व्हय रं? तुझा गोठा शिरलाय माझ्या भातात!"

कोंडीराम धावत परसात गेला. तिथं नुसते खांबांचे खड्डे होते. खाली पिराजीच्या हिरव्यागार खाचरात गोठा वळचण वाकवून उभा होता, आणि त्याच्या पुढ्यातलं भात बुडख्यापर्यंत खाल्लेलं होतं.

चांगुणा दावं घेऊन कधीच निघाली होती. बांधावरनं तिनं लाडानं हाक मारली, "ये रं राजा!"

गोठ्यानं दार तिच्याकडं वळवलं.