लाल जर्सी उतरल्यावर

"बारा डाव," कोच हॅस्केल म्हणाले. "बारा झाले की ग्रेडी बाकावर आणि मी माझ्या रक्तदाबाच्या गोळीवर. तोवर त्याला कुणाचा वारासुद्धा लागता कामा नये. कळलं का, रॉस्को?"

रॉस्कोनं मान हलवली. एकशे चाळीस किलोचा माणूस, पण सकाळचा नाश्ता तसाच टाकून आलेला. ओहायोतली ऑगस्टची दुपार, अंगाला कपडे चिकटवणारी. हंगाम सुरू व्हायच्या आधीचा अमेरिकन फुटबॉलचा सामना. निकालाला कुत्रं विचारत नव्हतं. तरी अर्धं स्टेडियम भरलं होतं. सगळे आले होते एक गुडघा बघायला.

गुडघा ग्रेडी मॅब्रीचा. ग्रेडी क्वार्टरबॅक. चेंडू फेकायचा तो त्यानं, आणि त्याच्या हातून तो सुटेपर्यंत भिंत होऊन उभं राहायचं ते रॉस्कोसारख्या पाच आडदांडांनी. रॉस्कोची बाजू डावी. उजव्या हातानं फेकणाऱ्याची पाठ त्या बाजूला होते, तिथून येणारा माणूस त्याला दिसत नाही. गेल्या नोव्हेंबरात एक जण तिथूनच आला होता, रॉस्कोला चकवून. गुडघ्याचा आवाज रॉस्कोनं ऐकला होता.

सरावाचे तीन आठवडे ग्रेडीच्या अंगात लाल जर्सी होती. लाल जर्सीला हात लावायचा नाही, हा सरावातला कायदा. अंगावर धावून आलेला गडी हातभर अंतरावर थांबतो आणि देवळात आल्यासारखा बाजूला होतो. आज ग्रेडी इतरांसारखाच पांढऱ्या जर्सीत होता. रॉस्कोला तो उघडाच वाटत होता.

पहिले चार डाव भिंत हलली नाही. पण चेंडू हातात आला रे आला की ग्रेडी तो विस्तवासारखा टाकून देत होता. एक झेलणाऱ्याच्या पायाशी पडला, एक कडेच्या पाण्याच्या टेबलावर. मधल्या दोन डावांत त्यानं चेंडू पळणाऱ्याच्या हाती देऊन अंग काढून घेतलं, म्हणून संघ कसाबसा पुढं सरकला.

"अरे, आपली माणसं कुठल्या रंगाची आहेत ते सांगा रे त्याला," प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं.

पाचव्या डावाआधी सगळे डोक्याला डोकं लावून उभे राहिले. ग्रेडीनं डाव सांगितला. आवाज कोरडा.

"मी आहे ना," रॉस्को म्हणाला. "तू फक्त समोर बघ."

"तू माझ्या गुडघ्याकडे बघतोस. कोच गुडघ्याकडे बघतात. आज सकाळी बायकोनं कॉफी आणली, तीही गुडघ्याला विचारत होती साखर किती म्हणून. मी एकट्यानं समोर बघून काय करू?"

दोघं-तिघं हसले. रॉस्को हसला नाही.

डाव सुरू झाला. रॉस्कोसमोर प्रतिस्पर्धी संघाचा एक्क्याण्णव नंबर होता, नवखा. आपल्या संघात जागा पक्की व्हावी म्हणून जिवाच्या आकांतानं खेळणारा. रॉस्कोनं त्याला छातीवर हात रोवून अडवला. एक सेकंद. दोन. चेंडू अजून सुटला नव्हता. का सुटत नाही? आणि भिंतीनं जे कधीच करायचं नसतं ते रॉस्कोनं केलं. त्यानं मागं वळून बघितलं.

तेवढं पुरलं. एक्क्याण्णव त्याच्या काखेखालून निसटला.

ग्रेडी आडवा, आणि वर तो धिप्पाड गडी. स्टेडियम इतकं गप्प झालं की झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती तेही ऐकू आलं. रॉस्को धावला. कडेनं डॉक्टर पिशवी घेऊन निघाले.

"सर," एक्क्याण्णव घाबरून म्हणत होता, "सर, लागलं का तुम्हाला?"

"सर म्हणतोस आणि उरावर बसतोस," खालून ग्रेडी म्हणाला. "आधी ऊठ."

तो उठला. ग्रेडी तसाच पडून राहिला. पाय दुमडला. सरळ केला. पुन्हा दुमडला. रॉस्को हात पुढं करून उभा होता.

"मी मागं बघितलं," तो म्हणाला. "चूक माझी."

"बालवाडीच्या खिडकीतून डोकावणाऱ्या आईसारखा वळलास. दिसलं मला." ग्रेडीला हसू फुटलं, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं बाहीनं पुसलं. "नऊ महिने, रॉस्को. रोज डोळे मिटले की मी पडायचो. आता खरंच पडलो. झालं एकदाचं."

रॉस्कोच्या हाताला धरून तो उठला, डॉक्टरांना त्यानं लांबूनच परत जायची खूण केली. कोच हॅस्केल डाव्या कडेला दोन्ही हात हलवत होते. बारा राहू देत, पाच पुष्कळ झाले.

"बोलावतायत तुला," रॉस्को म्हणाला.

"त्या बाजूचं मला दिसत नाही, तुला माहीतच आहे."

सहावा डाव. एक्क्याण्णव पुन्हा येऊन आदळला. एक. दोन. रॉस्कोची मान मागं वळायला ओढ घेत होती. त्यानं कपाळ समोरच्याच्या हेल्मेटवर टेकवलं आणि तसंच रेटून धरलं. तीन. चार.

डोक्यावरून काहीतरी सूं करत गेलं.

दोघंही थांबले. एकमेकांच्या छातीवरचे हात तसेच ठेवून, माना वर करून, उन्हात लांब लांब जाणाऱ्या चेंडूकडे बघत राहिले.

"अजून खाली येत नाहीये," एक्क्याण्णव म्हणाला.

"येईल," रॉस्को म्हणाला. "सावकाश येऊ दे."