वऱ्हाडाचा तोल

घाटाच्या वळणावर ट्रक पुन्हा आपणहून थांबला. "भार उजवीकडे आहे. गाडी उलटेल. भार सारखा करा," तो शांतपणे म्हणाला.

"आधीचे ट्रक उलटायचे, पण ऐकायचे तरी," ड्रायव्हर रंगनाथ करवादला. मुहूर्त टळत आला होता.

मागे नवरदेवाचे दोन्ही चुलते, तात्या आणि आबा, आपापला गोतावळा घेऊन उजव्या फळीला खेटून बसले होते. शेताच्या बांधावरून चाललेलं त्यांचं जुनं भांडण कालच मिटलं होतं.

"तात्या, तुम्ही तरी डावीकडे सरका," रंगनाथनं विनवलं.

"आता आम्ही भाऊ वेगळे बसणार नाही."

शेवटी नवरदेवच वैतागला. "आबा, तो बांध नक्की कोरला होता कोणी?"

बघता बघता निम्मं वऱ्हाड तणतणत डावीकडे गेलं.

"भार सारखा झाला. धन्यवाद," म्हणत ट्रक वळणाला लागला.