तारखांची चिठ्ठी

विश्रांतवाडीच्या वाचनालयात नव्वदच्या दशकातल्या सर्वोत्तम कादंबरीवरून जुंपली होती. सिराजभाईंनी आपल्या दिवंगत पत्नीची, आबेदाची, एकुलती एक कादंबरी पुढे केली. "वाचलीय कोणी ती?" सॉफ्टवेअरमधला सौरभ फिसकन हसला. नव्या ग्रंथपालबाईंनी ती कपाटातून काढून आणली. "आपल्याकडे तीन वर्षं कोणी नेलं नाही की पुस्तक रद्दीत जातं. ही टिकलीय, म्हणजे वाचतंय कोणीतरी." सिराजभाईंनी ऐटीत मागची तारखांची चिठ्ठी उघडली. चार तारखा होत्या, प्रत्येक आधीचीला तीन वर्षं भरायच्या जरा आधीची. प्रत्येकीपुढे सभासद क्रमांक मात्र एकच: आबेदाचा. शेवटची तारीख ती इस्पितळात गेली त्याच्या आदल्या दिवसाची. ती गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचा विधी आटोपून तिच्याकडची वाचनालयाची पुस्तकं त्यांनीच न उघडता परत केली होती. "मग, कोण वाचतं?" सौरभने मान उंचावली. सिराजभाईंनी चिठ्ठी तळव्याखाली झाकली, खिशातून आपलं सभासदकार्ड काढून बाईंपुढे धरलं. "माझ्या नावावर द्या. मीही वाचलेली नाही."